लघुउद्योगांसाठी क्लाउड-आधारित कार्यालयीन सॉफ्टवेअर

क्लाउड-आधारित कार्यालयीन सॉफ्टवेअर म्हणजे दस्तऐवज, स्प्रेडशीट, सादरीकरण, ई-मेल, दिनदर्शिका आणि फाइलसाठवण ही कार्यालयीन कामाची साधने इंटरनेटमार्फत एकत्रित सेवा म्हणून पुरवणारा सॉफ्टवेअर-संच होय. या संचातील कार्यक्रम व त्यांत तयार होणाऱ्या फाइली मुख्यतः सेवादात्याच्या सर्व्हरवर असतात. वापरकर्ता ब्राउझर, मोबाइल अनुप्रयोग किंवा संगणकावरील जोडकार्यक्रमाद्वारे त्यांवर काम करतो. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो वर्कप्लेस हे भारतातील लहान व्यवसायांत वापरले जाणारे प्रमुख संच आहेत.

स्वतंत्र संगणक विभाग नसलेल्या व्यवसायांना स्वतःचा सर्व्हर न उभारता अशा सेवा वापरता येतात. मात्र सॉफ्टवेअर एकदाच विकत घेण्याऐवजी ते कायम भाड्याने घेतले जात असल्याने निवड करताना सुविधांच्या यादीइतकाच, किंबहुना अधिक, विचार खात्यांची मालकी, माहितीवरील ताबा आणि सेवा सोडताना माहिती परत मिळण्याची सोय यांचा करावा लागतो.

## स्वरूप

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार क्लाउड संगणनाचे तीन सेवाप्रकार मानले जातात : सेवारूप सॉफ्टवेअर, सेवारूप मंच आणि सेवारूप पायाभूत संरचना. कार्यालयीन संच पहिल्या प्रकारात मोडतात. यात सर्व्हर, प्रचालन प्रणाली आणि कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्त्या यांची जबाबदारी सेवादात्याकडे असते. कोणाला खाते द्यावे, कोणती फाइल कोणाला दिसावी आणि खात्यांचे संकेतशब्द कसे जपावेत ही जबाबदारी ग्राहकाकडेच राहते. या विभागणीला ‘सामायिक जबाबदारी’ असे म्हणतात.

एकच फाइल अनेकांनी एकाच वेळी संपादित करणे हे या संचांचे ठळक वैशिष्ट्य आहे. पूर्वी एका फाइलच्या प्रती ई-मेलने फिरत आणि त्यांतील अंतिम प्रत कोणती याचा गोंधळ होत असे. क्लाउड संचात मूळ फाइल एकच असते व प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याचा इतिहास जतन होतो.

## इतिहास

दूरस्थ व्यक्तींनी एकाच दस्तऐवजावर एकत्र काम करण्याचे प्रात्यक्षिक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवले होते. अनेकांचे एकाच वेळचे बदल परस्परविरोधी ठरू नयेत यासाठीची ‘कार्यरूपांतरण’ ही पद्धत क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये मांडली. पुढे गुगल डॉक्सने हीच पद्धत वापरली.

ब्राउझरमध्ये चालणारी कार्यालयीन साधने २००५ च्या सुमारास दिसू लागली. त्या वर्षी अमेरिकेत रायटली आणि चेन्नईस्थित अ‍ॅडव्हेंटनेट कंपनीचे झोहो रायटर ही शब्दप्रक्रियेची साधने उपलब्ध झाली. गुगलने मार्च २००६ मध्ये रायटली विकत घेतले आणि त्याच वर्षी स्प्रेडशीटची जोड देऊन गुगल डॉक्स आकारास आणले. अ‍ॅडव्हेंटनेटने २००९ मध्ये झोहो कॉर्पोरेशन हे नाव घेतले.

व्यवसायाच्या स्वतःच्या डोमेन नावावर ई-मेल देणारी गुगलची सेवा ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाली. तिची सशुल्क आवृत्ती २००७ मध्ये प्रतिवापरकर्ता वार्षिक ५० डॉलर दराने आली. या सेवेचे नाव २०१६ मध्ये जी सूट व ऑक्टोबर २०२० मध्ये गुगल वर्कस्पेस असे बदलले. मायक्रोसॉफ्टने २८ जून २०११ रोजी ऑफिस ३६५ सुरू केले. लहान व्यवसायांसाठीच्या त्याच्या योजनांना एप्रिल २०२० पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ हे नाव आहे.

गुगलच्या मोफत आवृत्तीत नव्या ग्राहकांना प्रवेश देणे डिसेंबर २०१२ मध्ये थांबले. जानेवारी २०२२ मध्ये जुन्या मोफत ग्राहकांनाही सशुल्क योजनेकडे वळण्याची सूचना देण्यात आली. पुढे वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी सवलत मिळाली, परंतु व्यवसायांना ती लागू झाली नाही. मोफत सेवेच्या अटी कालांतराने बदलू शकतात याचे हे उदाहरण आहे.

## प्रमुख संच

गुगल वर्कस्पेस : जीमेल, डॉक्स, शीट्स, स्लाइड्स, ड्राइव्ह व मीट यांचा हा संच मुख्यतः ब्राउझरमध्ये चालतो. व्यवसाय गटातील योजनांत कमाल ३०० वापरकर्ते ठेवता येतात. जीमेलची ओळख बहुतेकांना आधीच असल्याने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कमी लागते.

मायक्रोसॉफ्ट ३६५ : वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक, वनड्राइव्ह, शेअरपॉइंट व टीम्स यांचा हा संच आहे. याच्याही व्यवसाय योजनांची मर्यादा ३०० वापरकर्त्यांची आहे. ‘बिझनेस बेसिक’ योजनेत वर्ड-एक्सेल केवळ ब्राउझर व मोबाइलवर वापरता येतात. संगणकावर स्थापित होणारे पूर्ण कार्यक्रम ‘बिझनेस स्टँडर्ड’पासून पुढे मिळतात. नावे सारखी असल्याने खरेदीच्या वेळी हा फरक अनेकदा लक्षात येत नाही.

झोहो वर्कप्लेस : रायटर, शीट, शो, मेल, वर्कड्राइव्ह व क्लिक यांचा हा संच झोहोच्या लेखा व ग्राहकसंबंध व्यवस्थापनाच्या इतर उत्पादनांशी जोडता येतो. भारतीय ग्राहकांसाठी कंपनीची माहिती केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आहेत.

मुक्तस्रोत पर्याय : नेक्स्टक्लाउड ही २०१६ मध्ये सुरू झालेली फाइलसाठवण प्रणाली आणि तिच्याशी जोडले जाणारे कोलाबोरा ऑनलाइन किंवा ओन्लीऑफिस हे संपादक वापरून व्यवसायाला स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर असा संच उभारता येतो. यात माहितीवरील ताबा सर्वाधिक असतो, पण देखभालीसाठी जाणकार व्यक्ती लागते.

## निवडीचे निकष

### खाते व डोमेन यांची मालकी

अनेक लहान व्यवसायांची सुरुवात मालकाच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोफत ई-मेल खात्यावरून होते. दरपत्रके, ग्राहकांची यादी, देयके हे सारे त्या खात्यात साठते. संबंधित व्यक्ती नोकरी सोडून गेली, तिचा मोबाइल क्रमांक बदलला किंवा तिच्याशी वाद झाला, तर व्यवसायाला स्वतःचाच पत्रव्यवहार दुरावतो. वैयक्तिक खात्यात सेवादात्याच्या दृष्टीने खातेदार ती व्यक्ती असते. व्यवसाय असा कोणताही घटक त्याला ठाऊक नसतो.

व्यावसायिक योजनेत व्यवसायाचे डोमेन नाव हा पाया असतो आणि सर्व खाती त्याखाली प्रशासकाच्या नियंत्रणात राहतात. कर्मचारी सोडून गेल्यास प्रशासक त्याचा संकेतशब्द बदलू शकतो आणि त्याच्या फाइली दुसऱ्याकडे सोपवू शकतो. मात्र याला मुदत असते. गुगल वर्कस्पेसमध्ये काढून टाकलेले खाते २० दिवसांच्या आत परत आणता येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढलेल्या वापरकर्त्याचा वनड्राइव्ह साठा सामान्यतः ३० दिवस टिकतो. म्हणून फाइली हस्तांतरित केल्यानंतरच खाते काढणे श्रेयस्कर ठरते.

डोमेन नावाची नोंदणी हा यातील दुर्लक्षित भाग आहे. संकेतस्थळ तयार करून देणारी व्यक्ती किंवा संस्था पुष्कळदा डोमेन स्वतःच्या नावे नोंदवते. अशा स्थितीत ई-मेल कोठे पोहोचावा हे ठरवण्याची कळ तिसऱ्याच्या हाती राहते. डोमेनची नोंदणी व्यवसायाच्या नावे असणे, त्याचे नूतनीकरण वेळेवर होणे आणि किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे प्रशासकाचे अधिकार असणे या तीन बाबी कोणताही संच निवडला तरी समान महत्त्वाच्या ठरतात.

### कामाचे स्वरूप व फाइलींची सुसंगतता

पत्रे, दरपत्रके व साध्या नोंदी एवढेच काम असल्यास तिन्ही प्रमुख संच पुरेसे असतात. फरक जाणवतो तो गुंतागुंतीच्या स्प्रेडशीटमध्ये. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ मावतात, तर गुगल शीट्सच्या संपूर्ण फाइलला १ कोटी पेशींची मर्यादा आहे.

लहान व्यवसायाच्या दृष्टीने अधिक निर्णायक बाब म्हणजे मॅक्रो. एक्सेलमधील व्हीबीए भाषेतील मॅक्रो संगणकावर स्थापित एक्सेलमध्येच चालतात. ब्राउझरमधील एक्सेल किंवा गुगल शीट्स यांत ते चालत नाहीत. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवरून मिळणारी विवरणपत्रांची काही ऑफलाइन साधने मॅक्रोयुक्त एक्सेल फाइलींच्या स्वरूपात असतात. त्यामुळे कर सल्लागाराचे कार्यालय किंवा स्वतःची विवरणपत्रे स्वतः भरणारा व्यावसायिक यांना संगणकावरील एक्सेलचा किमान एक परवाना लागू शकतो, मग इतर कर्मचाऱ्यांसाठी कोणताही संच निवडलेला असो. सर्वांना एकच महागडी योजना देण्याऐवजी कामानुसार मिश्र योजना घेणे त्यामुळे शक्य होते.

फाइल स्वरूपांसाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके आहेत : २००६ मध्ये आयएसओ मान्यता मिळालेले ओपन डॉक्युमेंट आणि २००८ मध्ये मान्यता मिळालेले ऑफिस ओपन एक्सएमएल. प्रमुख संच ही दोन्ही स्वरूपे वाचू शकतात. तथापि एका संचात तयार केलेली फाइल दुसऱ्यात उघडल्यावर तक्त्यांची मांडणी, सूत्रे व पानांचे विभाजन यांत बदल होऊ शकतो. म्हणून निर्णयापूर्वी नेहमीच्या वापरातील प्रत्यक्ष फाइली चाचणी खात्यात उघडून पाहिल्या जातात.

### खर्च

बहुतेक योजनांचे शुल्क प्रतिवापरकर्ता दरमहा असते व त्यावर भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नियमित करदाता म्हणून नोंदणी असलेल्या व्यवसायाला या कराची वजावट मिळू शकते, मात्र त्यासाठी देयकावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असणे आवश्यक असते. आपसमेळ योजनेतील करदात्यांना ही वजावट मिळत नाही व त्यांच्यासाठी कर हा खर्चाचाच भाग ठरतो.

वार्षिक बांधिलकीच्या योजना मासिक योजनांपेक्षा स्वस्त असतात, परंतु मुदतीच्या मध्ये वापरकर्त्यांची संख्या सहसा कमी करता येत नाही. हंगामी कर्मचारी असलेल्या व्यवसायात, उदाहरणार्थ पर्यटन किंवा सणासुदीच्या व्यापारात, कायम कर्मचाऱ्यांसाठी वार्षिक व हंगामी कर्मचाऱ्यांसाठी मासिक योजना घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो.

शुल्क वेळेवर न भरल्यास सेवा थांबते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरील आवर्ती व्यवहारांची रक्कम साधारणपणे १५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास प्रत्येक वेळी अतिरिक्त पडताळणी लागते. मोठी वार्षिक रक्कम आपोआप वजा होईल असे गृहीत धरलेल्या व्यवसायाची सेवा या कारणाने खंडित होऊ शकते.

### मराठी व देवनागरी लिपी

क्लाउड संचांत देवनागरी मजकूर युनिकोड संकेतनात साठतो. महाराष्ट्रातील अनेक कार्यालये व मुद्रणालये यांच्याकडील जुना मजकूर मात्र श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांच्या युनिकोडपूर्व संकेतनात आहे. असा मजकूर त्या टंकाशिवाय उघडल्यास निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो व शोधातही सापडत नाही. त्यामुळे स्थलांतरापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये परिवर्तन करावे लागते. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे तपासून घेणे आवश्यक असते.

संगणकावर एखादा टंक असला, तरी ब्राउझरमधील संपादकात तो असेलच असे नाही. टंक बदलला की ओळींची लांबी बदलते आणि नेटकी मांडलेली पत्रके विस्कटतात. गुगल डॉक्समध्ये मुक्त परवान्याचे मुक्त, बालू यांसारखे देवनागरी टंक उपलब्ध आहेत, तसेच मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोयही आहे.

### इंटरनेट जोडणी व उपलब्धता

गुगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या सशुल्क योजनांत ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी असते. ३० दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटांपर्यंतचा खंड हमीच्या मर्यादेतच धरला जातो. हमी मोडल्यास मिळणारी भरपाई ही सामान्यतः शुल्कातील सवलत किंवा सेवेची वाढीव मुदत असते. व्यवसायाच्या झालेल्या नुकसानीची भरपाई तिच्यात येत नाही. १४ डिसेंबर २०२० रोजी ओळखपडताळणी यंत्रणेतील बिघाडामुळे गुगलच्या सेवा जगभर सुमारे पाऊण तास बंद पडल्या होत्या. भारतात तेव्हा सायंकाळचे सव्वापाच वाजून गेले होते.

लहान गावांत व औद्योगिक वसाहतींत सेवादात्याच्या बिघाडापेक्षा स्थानिक वीज व इंटरनेट जोडणी खंडित होण्याची शक्यता अधिक असते. अशा ठिकाणी जोडणीविना काम करण्याची सोय महत्त्वाची ठरते. संगणकावरील वर्ड व एक्सेल इंटरनेटविना चालतात. गुगल डॉक्समध्ये ही सोय क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये आधी सुरू करून ठेवावी लागते.

### सुरक्षा व प्रतिसाठा

बहुसंख्य लहान व्यवसायांत धोका सेवादात्याच्या सर्व्हरपेक्षा खात्याच्या संकेतशब्दाला असतो. फसव्या ई-मेलमधून संकेतशब्द चोरून, व्यवसायाच्याच खात्यावरून ग्राहकांना बदललेला बँक खाते क्रमांक पाठवणे हा फसवणुकीचा प्रचलित प्रकार आहे. द्विस्तरीय पडताळणी सर्व खात्यांना सक्तीची करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी केल्यास व्यवसायाच्या नावे बनावट ई-मेल पाठवणे अवघड होते.

क्लाउडमध्ये फाइल असणे म्हणजे तिचा प्रतिसाठा असणे नव्हे. एका संगणकावर फाइल पुसली गेली किंवा खंडणी मागणाऱ्या विषाणूने ती कुलूपबंद केली, तर तोच बदल समक्रमणाने क्लाउडमध्येही पोहोचतो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. व्यावसायिक वनड्राइव्हमध्ये ही मुदत ९३ दिवसांची आहे. आर्थिक वर्षाअखेरीस लक्षात आलेली चूक या मुदतीत बसत नाही. म्हणून ठरावीक काळाने वेगळ्या ठिकाणी स्वतंत्र प्रत ठेवली जाते. गुगल डॉक्सच्या फाइली संगणकावरील ड्राइव्ह फोल्डरमध्ये केवळ दुव्याच्या स्वरूपात असतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवल्याने मजकुराची प्रत तयार होत नाही, त्यासाठी फाइली निर्यात कराव्या लागतात.

## भारतातील कायदेशीर तरतुदी

कंपनी (लेखे) नियम, २०१४ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा प्रतिसाठा भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर हा प्रतिसाठा दररोज घ्यावा लागतो. कंपनी कायद्यानुसार हिशेबवह्या ८ वर्षे जपाव्या लागतात. हे नियम कंपन्यांना लागू आहेत, एकल मालकीच्या व्यवसायांना नव्हेत. वस्तू व सेवा कर कायद्यान्वये मात्र सर्वच नोंदणीकृत करदात्यांना लेखे व नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन करणे आवश्यक आहे. सदस्यत्व संपल्यानंतर सेवादाता माहिती इतका काळ ठेवत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहक व कर्मचारी यांच्या वैयक्तिक माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या व्यवसायावर असते. माहिती प्रत्यक्षात क्लाउड सेवादाता हाताळत असला तरी ही जबाबदारी टळत नाही. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. याशिवाय भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार निर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात.

## स्थलांतर व सेवा सोडणे

एका संचातून दुसऱ्यात जाताना ई-मेल, संपर्क व दिनदर्शिका तुलनेने सहज हलतात. फाइलींवरील परवानग्या, सामायिक दुवे, टिप्पण्या, बदलांचा इतिहास व स्वयंचलित कार्यपद्धती मात्र अनेकदा मागे राहतात. वापर जितका जुना व सखोल, तितके बाहेर पडणे महाग होते. या स्थितीला ‘विक्रेताबंधन’ म्हणतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सदस्यत्व संपल्यास सामान्यतः प्रथम ३० दिवस वापर चालू राहतो, पुढील ९० दिवस केवळ प्रशासकाला माहिती काढून घेता येते आणि त्यानंतर ती नष्ट केली जाते. अशा मुदती सेवादात्यागणिक व योजनेगणिक वेगळ्या असतात. करारापूर्वीच त्या पाहणे आणि चाचणीच्या काळात एकदा सर्व माहिती प्रत्यक्ष निर्यात करून बघणे हा निवडीचाच भाग मानला जातो.

## टीका

क्लाउड संचांवरील मुख्य आक्षेप परावलंबनाचा आहे. दरवाढ, योजनांची फेररचना किंवा नको असलेल्या सुविधांची सक्तीची जोड यांबाबत लहान ग्राहकाला वाटाघाटीची संधी जवळजवळ नसते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. शुल्क भरलेले असतानाही परदेशी धोरणामुळे सेवा खंडित होऊ शकते, हा मुद्दा या घटनेने पुढे आला. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस वापरण्याचा निर्णय जाहीर करताना डिजिटल सार्वभौमत्वाचे कारण दिले होते.

दुसऱ्या बाजूस, स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या लहान कार्यालयांत सुरक्षाविषयक सुधारणा वेळेवर होत नाहीत आणि प्रतिसाठा पुष्कळदा त्याच खोलीत असतो, असे क्लाउडचे समर्थक दाखवून देतात. आग, पूर किंवा चोरी झाल्यास अशा कार्यालयाची माहिती कायमची जाते. त्यामुळे क्लाउड संच वापरणे आणि हिशेबवह्या, करार व ग्राहकनोंदी यांची स्वतंत्र प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवणे, असा मध्यममार्ग लहान व्यवसायांसाठी सुचवला जातो.

## हेही पहा

* क्लाउड संगणन
* गुगल डॉक्स
* मायक्रोसॉफ्ट ऑफिस
* झोहो कॉर्पोरेशन
* लिबरऑफिस
* युनिकोड
* वस्तू व सेवा कर (भारत)